चौदा दिवसांच्या गोळ्या आणि मावसभावाची काळी लघवी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. मागच्या वर्षी रोवण्यांच्या दिवसांत त्यांच्या नवऱ्याला (वय 38) थंडीताप आला. आशाताईंनी किट लावली, स्लाइड घेतली, रिपोर्ट 'पीव्ही' (व्हायवॅक्स मलेरिया) आला. तीन दिवस मोठ्या कडू गोळ्या घेतल्यावर ताप उतरला. सोबतच्या चौदा दिवसांच्या लहान गोळ्या त्यांनी पाचव्या दिवशी सोडल्या, कारण बरं वाटत होतं आणि काम अडलं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा ताप, पुन्हा पीव्ही. त्या वेळी लहान गोळ्या घेतल्याच नाहीत. मधल्या काळात गावातच राहणाऱ्या नवऱ्याच्या मावसभावाला याच गोळ्यांनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले आणि रक्त चढवावं लागलं होतं. आता तिसऱ्यांदा पीव्ही निघाला आहे. सासूबाई म्हणतात, "त्या गोळ्या रक्त जाळतात." शेजारचे म्हणतात, "सरकारी गोळीत दम राहिला नाही, शहरात जाऊन इंजेक्शन घ्या." घरात अर्धवट पट्ट्या ठेवलेल्या आहेत. अकरा वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे, ती रोज फॉलिक ॲसिड घेते. ताई विचारतात: चौदा दिवसांच्या गोळ्या द्याव्या की नाही? मुलीला मलेरिया झाला तर? आणि लोखंडाच्या गोळ्यांनी जंतूला खायला मिळतं का?

ताई,

आधी आजचं काम. रिपोर्ट पीव्ही आहे, तर मोठ्या कडू गोळ्या, म्हणजे क्लोरोक्विन, आजच सुरू करा. लहान गोळीचं काय करायचं ते ठरेपर्यंत या थांबवू नका. मोठ्या माणसाला 250 मिग्रॅच्या गोळ्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. जेवण झाल्यावर द्या, उपाशीपोटी हमखास मळमळतं. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस गेला असं समजा आणि आशाताईंकडून पुन्हा घ्या. जळजळ होते म्हणून वरून ॲसिडिटीचं औषध लगेच देऊ नका, त्याने क्लोरोक्विन अंगात कमी भिनतं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

आता "गोळीत दम नाही" या बोलण्याकडे येऊ. याचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या तारखांत आहे. मागच्या वर्षी ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि परत आला तो दोन महिन्यांनी. औषध खरंच चाललं नसतं तर ताप उतरला नसता, किंवा बहुधा चार आठवड्यांच्या आतच परतला असता. क्लोरोक्विन अंगातून फार हळू निघतं, तीन दिवसांचा डोस रक्तात कित्येक आठवडे थोडा थोडा उरतो. तो उतरला की मग दडून बसलेल्याला बाहेर यायला वाव मिळतो. तुमच्या घरी झालं ते असंच दिसतं. नवा डास चावला असंही असू शकतं, पण अर्धवट सोडलेल्या चौदा गोळ्यांचा इतिहास पाहता पहिला संशय दडलेल्या जंतूवरच जातो.

हा जंतू दडतो कुठे, हे कळायला तो खातो काय ते पाहावं लागेल. ते कळलं की तुमच्या घरातल्या प्रत्येक गोळीचं काम वेगळं का, हेही कळेल.

मलेरियाचा जंतू रक्तातल्या लाल पेशीत शिरतो आणि आतलं हिमोग्लोबिन खातो. त्याच्या पोटात एक आंबट पाण्याची थैली असते, तिथे तो हे हिमोग्लोबिन तोडतो. त्यातलं प्रथिन त्याला हवं असतं. पण हिमोग्लोबिनमध्ये प्रथिनासोबत लोखंड धरलेला एक भाग असतो, त्याला हीम म्हणतात. प्रथिन पचलं की हीम सुटा पडतो, आणि सुटा हीम त्या जंतूलाच विष असतो, त्याच्या थैलीची भिंत फाडतो. आपल्या शरीरात हीम मोडून टाकायची सोय आहे. या जंतूकडे ती नाही. म्हणून तो एक युक्ती करतो: सुटे हीम एकावर एक रचून त्यांचे घट्ट स्फटिक बनवतो. धान कापल्यावर कडपा वावरात पसरलेल्या असतात तोवर पावसाचा धोका, आणि पुंजणं (पेंढ्यांचा ढीग) रचलं की जीव भांड्यात पडतो, तसंच हे आहे. सुटा हीम धोक्याचा, पुंजण्यात रचलेला हीम निरुपद्रवी. हे पुंजणं दिसतंही. स्लाइडवर रंगवलेल्या रक्तात लॅबवाल्याला जंतूच्या पोटात तपकिरी-काळे कण दिसतात, ते हेच. 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा जंतू ओळखला, तो याच काळ्या कणांवरून.

क्लोरोक्विन नेमकं या रचण्याच्या कामात आडवं येतं. ते अल्कधर्मी आहे, त्यामुळे आंबट थैलीत शिरलं की तिथेच अडकतं आणि साचत जातं. रक्तात जेवढं असतं त्याच्या कैक पट थैलीत जमा होतं. मग ते हीमला चिकटतं, पुंजण्याच्या वरच्या थरावर बसतं आणि पुढची पेंढी लागू देत नाही. जंतू खात राहतो, विष साचत राहतं, आणि तो स्वतःच्या खाण्याने मरतो. यात एक अट आहे: जंतू रक्त खात असला पाहिजे. म्हणून एका दिवसाच्या गोळ्या पुरत नाहीत. पीव्हीचा जंतू लाल पेशीत साधारण 48 तासांत वाढून पेशी फोडतो. सगळे एकाच वेळी खात नसतात, आज जो नुकता शिरला तो उद्या खायला लागतो. त्या सगळ्यांवर औषध राहावं यासाठी तीन दिवस.

आता दडलेल्याचं पाहू. पीव्हीचे काही जंतू डास चावल्यावर यकृतात जातात, बकऱ्याचं आपण काळीज म्हणतो तो अवयव, आणि तिथे झोपून राहतात. आठवडे, महिने. तिथे ते हिमोग्लोबिन खात नाहीत, त्यांच्याकडे हीमचं पुंजणं नसतं, मग क्लोरोक्विनने मोडायचं काय? कितीही क्लोरोक्विन दिलं, शहरात जाऊन कितीही महागाचं दिलं, तरी झोपलेल्याला ते लागत नाही. लहान गोळी, म्हणजे प्रायमाक्विन, त्यांच्यासाठीच आहे. पीव्हीत ती चौदा दिवस द्यावी लागते, आणि पाच दिवसांनी सोडली तर काही जंतू उरतात. ते पुढे एखाद्या दिवशी उठतात. तुमच्याकडे दोनदा उठलेले दिसतात.

मग चौदा दिवस द्यायच्याच, असं उत्तर सोपं होतं. तुमचं पत्र वाचल्यावर ते तसं देता येत नाही, कारण त्यात मावसभाऊ आहे.

सासूबाईंचं "रक्त जाळतात" हे म्हणणं सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही, पण काहींच्या बाबतीत अगदी खरं आहे. प्रायमाक्विन शरीरात मोडतं तेव्हा जे पदार्थ तयार होतात ते लाल पेशीला एक प्रकारे गंज चढवतात. निरोगी पेशीकडे हा गंज धुऊन काढायची यंत्रणा असते, आणि ती चालू ठेवणाऱ्या एका घटकाचं नाव जी-6-पीडी. ज्यांच्यात तो जन्मतः कमी असतो त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीतून जातं, म्हणून लघवी काळ्या चहासारखी. डोळे पिवळे, धाप, कंबर-पोट दुखणं. मावसभावाचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

आता नातं बघा. जी-6-पीडीची कमतरता आईकडून मुलाकडे येते. ती ज्या गुणसूत्रावर असते, ते मुलाला बापाकडून मिळतच नाही. तुमच्या नवऱ्याची आई आणि मावसभावाची आई सख्ख्या बहिणी असतील, तर दोघींमध्ये एकच दोष असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो दोघींच्याही मुलांत उतरलेला असू शकतो. हाच चुलतभाऊ असता तर एवढी काळजी नव्हती, कारण दोघांना ते गुणसूत्र आपापल्या आईकडून, वेगवेगळ्या घरांतून आलेलं असतं. (आते-मामे लग्नं झालेली असतील तर चुलत्यांकडेही नातं फिरून येतं, तेही डॉक्टरांना सांगा.) सासूबाईंनी भाच्याचं पाहिलं आणि मुलासाठी घाबरल्या. नात्याचा धागा त्यांनी बरोबर पकडला आहे.

मागच्या वर्षी पाच दिवस गोळी घेऊन तुमच्या नवऱ्याला काही झालं नाही, हे दिलासा देणारं आहे. साधारणपणे लघवीचा रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बदलायला लागतो. तरीही सौम्य कमतरतेत पेशी थोड्या थोड्या फुटतात आणि लक्षातही येत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न आम्ही थोडा बदलतो. द्याव्या की नाही, हे ठरवण्याआधी त्यांच्या रक्तात जी-6-पीडी किती आहे ते पाहू. त्याची तपासणी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मावसभावाची हकिगत सांगा आणि ही तपासणी मागा. तिथे नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी मागा. दोन-चार दिवस गेले तरी नुकसान नाही, क्लोरोक्विन तोवर रक्तातले जंतू सांभाळतं.

तपासणी नीट निघाली तर पूर्ण चौदा दिवस, एक दिवसही कमी नाही. मोठ्या माणसाला साधारणपणे दिवसाला 15 मिग्रॅ, म्हणजे 7.5 मिग्रॅच्या दोन गोळ्या, एकूण 28. पट्टीवरचा आकडा वाचा. 2.5 मिग्रॅच्याही गोळ्या येतात, आणि दोनच दिल्या तर डोस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. भाजी-भाकर खाऊन झाल्यावर, शक्यतो रोज एकाच वेळी. वावरात मुक्कामाला जात असतील तर उरलेल्या दिवसांच्या गोळ्या बांधून सोबत द्या. बहुतेक घरी गोळी सुटते ती अशीच, घरी राहून गेली म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा.

आणि रोज सकाळी लघवीचा रंग बघायचा. हे सांगायला संकोच वाटेल, पण हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर कळणारी खूण आहे. पहिला आठवडा तरी स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडी लघवी घेऊन उजेडात धरा. उन्हात काम केल्याने, पाणी कमी प्यायल्याने गडद पिवळी झाली तर दोन तांबे पाणी प्यायल्यावर ती फिकी होते. कोऱ्या चहासारखी, तपकिरी-लाल किंवा काळी दिसली, ओठ निळसर पडले, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर पुढची गोळी द्यायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात. गाडी नसेल तर 108. आणि मलेरियाच्या जोरात गोळीशिवायही लघवी काळी होऊ शकते, तेव्हाही तितकीच घाई.

तपासणीत कमतरता निघाली तर रोजची गोळी नाही. पण दार बंद होत नाही. आठवड्यातून एकदा, किलोला 0.75 मिग्रॅ, असे आठ आठवडे प्रायमाक्विन देण्याची पद्धत आहे. मधल्या सहा दिवसांत शरीराला नव्या पेशी बनवायला वेळ मिळतो. हे मात्र डॉक्टरांच्या नजरेखालीच, मध्ये मध्ये हिमोग्लोबिन तपासत. घरी हिशेब करून कधीही देऊ नका.

मावसभावाचीही तपासणी व्हायला हवी, पण घाई करू नका. पेशी फुटून गेल्यावर उरतात त्या नव्या दमाच्या असतात आणि त्यांत जी-6-पीडी जास्त असतं. त्यात त्याला दुसऱ्याचं रक्तही चढलं आहे. अशा वेळी तपासणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. रक्त चढवल्याला तीन महिने होऊ द्या.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. आर्टेसुनेटचं इंजेक्शन जीव वाचवतं, पण ते गंभीर मलेरियासाठी आहे: बेशुद्धी, झटके, पाणीही पोटात न ठरणं. ज्याला गोळी गिळता येते त्याला पीव्हीत इंजेक्शनने जास्तीचं काही मिळत नाही. यकृतातल्या झोपलेल्यांवर तेही चालत नाही, आणि सलाइनने तर एकही जंतू मरत नाही.

घरातल्या अर्धवट पट्ट्यांची आम्हाला खरी काळजी वाटते. तुम्ही कोणत्या रंगाच्या ते लिहिलं नाही. 'पीएफ' (फाल्सिपेरम, दुसऱ्या जातीचा) मलेरियासाठी जी एसीटीची (आर्टेसुनेट आणि जोडीचं औषध) पट्टी मिळते तिचा रंग वयावर ठरतो: एक वर्षाखाली गुलाबी, 1 ते 4 पिवळी, 5 ते 8 हिरवी, 9 ते 14 लाल, 15 च्या वर पांढरी. आपल्या भागात पीएफ भरपूर असतो, आणि त्याच्यावर क्लोरोक्विन भरवशाचं राहिलेलं नाही. त्या जंतूने आपल्या थैलीच्या भिंतीतल्या एका दारात असा बदल करून घेतला की आत साचणारं क्लोरोक्विन तो बाहेर टाकतो. पुंजणं रचायला मग तो मोकळा. म्हणून पीएफला आर्टेसुनेट. तेही हीमवरच बेतलेलं आहे, पण उलट बाजूने. त्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक नाजूक पूल असतो. जंतूने हिमोग्लोबिन फोडलं की हीममधलं लोखंड तो पूल तोडतं, आणि त्यातून जे तुकडे उडतात ते जंतूच्या प्रथिनांना जाळतात. फार वेगाने. पण आर्टेसुनेट काही तासांतच अंगातून निघून जातं, म्हणून सोबत दुसरं, टिकणारं औषध लागतं. पहिल्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या "पुढच्या वेळी" ठेवल्या, तर या वेळचा रोगी अर्धवट राहिला आणि पुढच्या वेळचाही. कोणती पट्टी कशासाठी हे तापावरून कळत नाही, किट आणि स्लाइडवरूनच कळतं. जुन्या पट्ट्या आशाताईंना परत करा. तोवर लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. क्लोरोक्विनच्या थोड्या जास्त गोळ्याही लहान मुलाचं हृदय बंद पाडू शकतात.

पीएफसाठी किट पुन्हा लावायची वेळ आली तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: बरं झाल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, कारण ती मेलेल्या जंतूचं उरलेलं प्रथिन पकडते. तेव्हा स्लाइड बघायला सांगा.

आता मुलगी. सिकलसेलमुळे मलेरिया होत नाही असं गावात बोलतात. ते वाहकांपुरतं अर्धं खरं आहे: ज्यांच्यात दोष एकाच बाजूने आला आहे त्यांना पीएफचा जोर कमी लागतो, मलेरिया मात्र होतो. तुमच्या मुलीला आजार आहे, म्हणजे दोष दोन्ही बाजूंनी आलेला आहे. तिला ही ढाल नाही, उलट मलेरियाने तिचं रक्त झपाट्याने उतरू शकतं आणि हातापायांच्या कळा सुरू होऊ शकतात. तिला ताप आला तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

तिच्या फॉलिक ॲसिडची गोष्ट खास सांगावीशी वाटते, कारण ती सहसा कुणी विचारत नाही. 2013 च्या राष्ट्रीय औषध धोरणाप्रमाणे ईशान्येकडची राज्यं सोडली तर पीएफसाठी आर्टेसुनेटच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देतात. ही जोडी हीमला हातच लावत नाही. ती जंतूचं फोलेट बनवण्याचं काम बंद पाडते. सिकलसेलमध्ये मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी बहुधा 5 मिग्रॅची असते, आणि एवढ्या डोसमुळे या औषधाचा जोर कमी पडू शकतो. आता तिची गोळी बंद करू नका, तिला ती लागते. पण पीएफ निघाला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "हिला सिकलसेल आहे, रोज फॉलिक ॲसिड 5 मिग्रॅ चालू आहे." जोडीचं औषध बदलायचं की काही दिवस फॉलिक थांबवायचं, ते ठरवतील.

आणि नवऱ्याची तपासणी कमी निघाली तर तो निकाल मुलीच्या कागदांतही लावा. बापाचं ते गुणसूत्र प्रत्येक मुलीकडे जातंच, मुलाकडे जात नाही. तिला पुढे प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर तिचीही तपासणी आधी. प्रायमाक्विन आपल्याकडे गरोदर बाईला आणि एक वर्षाखालच्या बाळाला देत नाहीत, हेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

तुम्ही शेवटी विचारलं आहे, लोखंडाच्या गोळ्यांनी जंतूला खायला मिळतं का. त्याला लागतं हिमोग्लोबिन, आणि ते तुमच्या रक्तात आहेच. मलेरियानंतर रक्त कमी झालं असेल तर हिमोग्लोबिन तपासून, डॉक्टरांच्या सांगण्याने लोखंड घ्यायला हरकत नाही. मुलीचं मात्र वेगळं, सिकलसेलमध्ये लोखंड विचारल्याशिवाय नको.

दवाखान्यात जाताना एका कागदावर इतकं लिहून न्या: मागच्या वर्षी आणि नंतर ताप कधी आला, क्लोरोक्विन दोन्ही वेळा पूर्ण, प्रायमाक्विन एकदा पाच दिवस, एकदा नाही, मावसभावाला काय झालं, रक्त कधी चढवलं, मुलीला सिकलसेल, फॉलिक ॲसिड किती मिग्रॅ. सासूबाईंना सोबत न्या, त्यांच्या माहेरच्या बहिणी-भाच्यांची माहिती त्यांनाच आहे. जी-6-पीडीचा निकाल आला की रिपोर्टची एक झेरॉक्स आधार कार्डाच्या पिशवीत ठेवा, आणि कमी निघाला तर मावशांच्या सगळ्या मुलांची नावं आशाताईंना द्या, म्हणजे त्यांच्यापैकी कुणाला पीव्ही निघाला तर लहान गोळीच्या आधी तपासणी होईल.